पांढरं रेशनकार्ड

फिनेलचा वास आला की मला वाशीमच्या दवाखान्यातल्या त्या दोन खाटा आठवतात. एकीवर माझे वडील, दुसरीवर इंझोरीचा एक मजूर. दोघांचाही खुबा मोडलेला. त्याच्याकडं गरिबांचं पिवळं रेशनकार्ड, म्हणून सगळा खर्च सरकारचा. वडलांनी मात्र अडतीवर मुनीम होताच मोठ्या ऐटीत पिवळं देऊन पांढरं कार्ड घेतलेलं. ऑपरेशनसाठी आईच्या गळ्यातली सोन्याची पोत मोडावी लागली आणि शेजारच्या खाटेपाशी त्या मजुराची बायको नवऱ्याला निवांत संत्री सोलून देत होती. माझा नुसता जळफळाट झाला. शेवटी आईच तिला म्हणाली, "तुमचं बरं हाये बाई." ती हसली, "बदलता का कार्ड? मंग आमचं कुडाचं घरबी घ्या." आई ओशाळली. मी मनातल्या मनात 'हो' म्हटलं, आणि आज माझ्याच नावाचं पांढरं कार्ड हातात असताना तेच 'हो' म्हणतो.