दोन खोक्यांमधली जागा

निरोप आला तेव्हा मी बारामतीच्या घराच्या गच्चीवर ओल्या साड्या वाळत घालत होते. शेळगावहून आत्याच्या पुतण्याचा फोन होता. "ताई, काकी गेली. सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकली, ती टेकलेलीच ऱ्हायली." हातातल्या साडीचे पाणी पायांवर ठिबकत राहिले... आणि का कोण जाणे, मला आत्याचा चेहरा आठवण्याआधी तिचा कान आठवला. बांधून झालेले खोके दोन्ही हातांनी उचलायचे, कानाशी धरायचे, हलकेच हलवायचे आणि डोळे मिटून ऐकायचे, ही हौसाआत्याची सवय. आत काही खुट्ट झाले की खोके खाली ठेवत ती म्हणायची, "बोलतोय ह्यो. सोडा परत."

आमच्या भागात विहीर खोदताना काळ्या खडकाच्या पोटात कधीकधी पोकळी लागते आणि त्या अंधारात कोणासाठीही नसलेले सौंदर्य दडलेले असते. पारदर्शक गारगोट्या, मोरपिशी खडे, किंवा नुसत्या पांढऱ्या सुयांचे झुबके... फुंकर घातली तरी तुटतील असे. इंदापूरचा एक व्यापारी असे दगड गोळा करून परदेशातल्या हौशी लोकांना पाठवत असे. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, गेल्यानंतर ती त्याच्या शेडमध्ये बांधणीच्या कामाला लागली. नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षे. मी सुट्टीत जाई, तेव्हा शेडमधला ओल्या पुठ्ठ्याचा आणि डिंकाचा वास तिच्या पदराला घरापर्यंत चिकटून आलेला असे.

बोर किंवा चिंच निवडावी इतक्या सहज ती दगड हाताळायची. दगड लहान पण वजनदार, आणि त्याचे वजनच त्याचा वैरी. सुयांना कापूस लावायचा नाही, कारण तंतू अडकले की निघताना सुयाच घेऊन निघतात. म्हणून खालचा काळा खडक तेवढा आतल्या खोक्याच्या तळाशी सुतळीने जखडायचा. सुया मोकळ्या हवेत राहू द्यायच्या. मग ते खोके मोठ्या खोक्यात ठेवायचे आणि दोहोंमधली जागा चुरगळलेल्या वर्तमानपत्रांनी ठासून भरायची. शेडमधले मुकादम तिला चिडवत, "हौसाबाई, लेक सासरी धाडताना बी यवढं बांधलं नसंल तुमी!" ती मान वर न करता म्हणे, "लेकीला तोंड हाय, मुकादम. दुखलं तर सांगंल. ह्यो कुणाला सांगणार?"

तिची लेक सुजाता परिचारिका झाली आणि लग्नानंतर इंग्लंडला गेली. घराच्या देवळीत, बुद्धमूर्तीच्या शेजारी, दोन अर्धुके ठेवलेली असत. मामांनी स्वतःची विहीर खोदताना सुरुंगाने दुभंगलेल्या एकाच दगडाची ती दोन शकले. आत तशाच पांढऱ्या सुया. व्यापाऱ्याने कितीदा मागितली, आत्याने दिली नाहीत. एक आपल्याला, एक सुजाताला, हे मामा असतानाच ठरलेले होते. बापाच्या विहिरीचा एक तुकडा लेकीच्या घरात असावा, एवढेच तिला हवे होते.

सुजाताच्या शकलाचे खोके तिने बांधले त्या दुपारी मी समोर बसले होते. आतले खोके नेहमीसारखेच, किंबहुना नेहमीहून सुरेख. मोठे खोके घेतले, आणि वर्तमानपत्राकडे गेलेला तिचा हात थांबला.

"लेकीला कागदाचं बोळं धाडू व्हय?" ती म्हणाली.

आमच्याकडे लेकीच्या हाती रिकामा डबा देत नाहीत. ताकाचे भांडे परत करायचे तरी तळाशी मूठभर काही घालतात. आत्या उठली आणि सूप भरून भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली. मामांच्या त्याच विहिरीवर पिकलेल्या, टरफलांना अजून तांबूस माती लागलेल्या. त्या तिने मुठीमुठीने दोन खोक्यांच्या मधे ओतल्या, कोपऱ्यांत बोटांनी दाबल्या, वर वाळवलेल्या हुरड्याची पुरचुंडी ठेवली. मग खोके कानाशी धरले. आत इतकी शांतता होती की तिला हसू फुटले.

"शेंगा कागदापरीस बऱ्या बघ. दगूड बी ऱ्हाईल आन् पोरगी खाईल बी."

मलाही ते फार सुंदर वाटले होते. एखाद्या ओवीसारखे...

महिन्याभराने सुजाताचा फोन यायचा होता, म्हणून आम्ही दोघी गावातल्या फोनच्या टपरीत जाऊन बसलो. टपरीवाल्याने रिसीव्हर पुढे केला. आत्याने आधी नातवाची चौकशी केली, थंडीची केली, मग दगडाची. पलीकडचा आवाज मला पुसट ऐकू येत होता. सुजाताने खोटे सांगितले नाही.

"आई... तुटला गं. सुई एकबी ऱ्हायली न्हाय."

आत्याने विचारले, "आन् शेंगा?"

"त्या हितल्या तपासणीत काढून घेतल्या. बाहेरचं बी-बियाणं आत येऊ देत न्हाईत हितं. खोकं परत चिकटवून धाडलं."

"मधी काय घातलं त्येंनी?"

"काय न्हाय, आई."

"मग हलला आसंल," आत्या म्हणाली. एवढेच. रिसीव्हर टपरीवाल्याच्या हातात न देता तिने तो कितीतरी वेळ कानाशीच धरून ठेवला होता.

शेडमधले काम तिने सोडले नाही. तिने बांधलेले दगड पूर्वीसारखेच अखंड पोचत राहिले, अनोळखी लोकांच्या कपाटांत. पण दुसरे शकल पाठवायला ती कधीच तयार झाली नाही. "ती यील, हातानं नील," म्हणे. सुजाताची रजा, मुलाचे आजारपण, तिकीट, पुन्हा रजा... दर हंगामात आत्या शेंगांचा एक डबा तिच्यासाठी बाजूला काढी आणि पुढच्या हंगामात रिता करून पुन्हा भरी.

सुजाता आली ती आता, आत्या गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला. पांढऱ्या साडीत, घरात शिरताना उंबऱ्याशी क्षणभर थबकलेली. सगळे पांगल्यावर तिने देवळीतले शकल उतरवले आणि आम्ही दोघींनी ते बांधले. काळा खडक सुतळीने जखडला, सुया मोकळ्या ठेवल्या. मोठे खोके पुढे ओढले तेव्हा माझा हात नकळत फळीवरच्या डब्याकडे गेला.

"नको गं ताई," ती म्हणाली. "कागदच घाल."

आम्ही कागद चुरगळत राहिलो. त्या कोरड्या आवाजाखेरीज घरात काही नव्हते. मग तिने खोके कानाशी धरले, अगदी आईसारखे डोळे मिटून, आणि हलवले.

"बोलत न्हाय," ती म्हणाली, आणि त्यानंतर कितीतरी वेळ खोके तिने खाली ठेवले नाही.

संध्याकाळी निघण्याआधी तिने तो डबा मांडीवर घेतला आणि भिंतीला, आत्या टेकत असे तिथेच, टेकून बसली. एकेक शेंग फोडून खात राहिली. मी पुढे केलेले पाणीही तिने घेतले नाही. गाडीवाल्याने दोनदा हाक मारली. "आले," म्हणाली, आणि डबा रिकामा होईपर्यंत उठली नाही.

आता त्या घराची किल्ली माझ्याकडे असते. परवा गेले होते. देवळीत दगड होता तेवढी जागा धुळीशिवाय स्वच्छ आहे, आणि खाली भिंतीशी टरफलांचा ढीग. केरसुणी हातात घेतली होती... पुन्हा कोपऱ्यात ठेवून दिली.