मागच्या उन्हाळ्यातली गच्ची

"मौक्यावर पाहू," असं म्हणत ते चपला पायांत सरकवायचे. आमच्या वार्डाचे मेंबर. तक्रार नालीची असो की खांबाची, जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांनी कधी होकार दिला नाही आणि नकारही नाही. तुमच्याही गावात असा एखादा असेल.

एकदा गल्लीतला रस्ता पूर्ण झाल्याचा कागद सहीला आला. त्यांनी कुदळ मागवली आणि सिमेंट किती जाड पडलंय ते खणून पाहिलं. ठेकेदार म्हणाला, "साब, भरोसा रखो."

"है ना. घर पे रख के आया हूँ."

सही केली नाही.

म्हणून घरपट्टी नव्याने ठरवायचं निघालं, तेव्हा ठेकेदार निवडायच्या समितीत ते आहेत याचा मला दिलासा वाटला. नागरिकांतर्फे मीही होतो. ठेकेदार दोन. एकाची माणसं टेप घेऊन घरोघर जाणार होती. दुसरा हैदराबादचा, तो ड्रोनने वरून फोटो काढणार आणि त्याचं सॉफ्टवेअर फोटोवरून बांधकाम मोजणार. आदल्या उन्हाळ्यात नमुन्यासाठी त्याने आमच्या वार्डावर ड्रोन फिरवलाही होता.

तेच फोटो त्याने सभेत पडद्यावर दाखवले. मेंबरचं घर आलं. गच्चीवर त्यांची बायको कुरडया घालत होती. ड्रोनच्या आवाजाने तिने मान वर केली होती आणि कपाळाशी हात धरून ती थेट आमच्याकडे पाहत होती. त्यानंतरच्या पावसाळ्यात ती काविळीने गेली होती.

"हे सॉफ्टवेअरमधे राहीन का?" त्यांनी विचारलं.

"हमेशा, सर."

आमच्याकडे होळी झाली की अंगणात बल्ल्या रोवून वर हिरवी जाळी टाकतात. त्या मांडवाशिवाय इथला वैशाख निघत नाही. मी म्हणालो, "मेंबर, फोटोत दारोदार मांडव आहेत. मशीनला मांडव आणि स्लॅब वेगळा कळतो का, ते मौक्यावर पाहू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मतं सारखी पडली होती. त्यांचं तेवढं राहिलं होतं. त्यांनी हैदराबादवाल्यासाठी हात वर केला.

सॉफ्टवेअरने त्याच फोटोंवरून प्रत्येक मांडव पक्कं बांधकाम धरला. मी माझं घर टेपने मोजलं. पट्टीत तीनशे चौरस फूट जास्त होते, बरोबर मांडवाएवढे. तोवर ठेकेदाराचं बिल मंजूर झालेलं. हरकत ऑनलाइन नोंदवा, असं नगरपालिकेच्या कार्यालयातून उत्तर आलं.

वार्डाच्या टोकाला, मावळतीच्या बाजूला, एक भाजी पिकवणारी बाई राहते. तिची रोपांवरची जाळी हॉल ठरली. पट्टी भरली नाही म्हणून नळ तोडायची नोटीस आली. ती मेंबरच्या दारात उभी राहिली.

"माह्या हॉलमंदी वांगे उगवून राह्यले जी, मेंबर. येता काय मौक्यावर?"

ते गेले. जाळीखाली वाकून उभे राहिले.

"चुकलं माहं, बाई."

"ते असू द्या. नळ तोडतीन काय?"

"नाही तोडू देत."

त्यानंतर ते रोज कार्यालयात जाऊन बसू लागले. शिपाईसुद्धा हसायचे. शेवटी ठेकेदार नमला. पावसाळ्यात, मांडव उतरल्यावर, सगळा वार्ड पुन्हा मोजू म्हणाला. मात्र नवा फोटो चढला की जुना पुसला जाणार होता.

"दोनी नाही राहात?" मेंबरनी विचारलं.

"एक घर का एक ही फोटो, सर."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मेंबर, जुना फोटो आधी मागून घ्या. मोबाइलवर देईल तो."

"एकडाव त्यानं दाखवला आन् मी हात वर केला, भाऊ. आता त्याच्याकडून काही घेनार नाही."

आत जाऊन त्यांनी फेरमोजणीच्या अर्जावर सही केली.

पट्ट्या दुरुस्त झाल्या. नळ राहिला. लोकांनी आभार कार्यालयाचे मानले आणि पुढच्या निवडणुकीत मेंबरना पाडलं. भाजीवाली म्हणते, तिनेही त्यांना मत दिलं नाही.

आता ते यवतमाळला मुलीकडे असतात. घर बंद आहे. त्यांची पट्टी मी ऑनलाइन भरतो. घराचा नंबर टाकला की पडद्यावर गच्ची उघडते. पावसाने काळी पडलेली, रिकामी. खाली क्षेत्रफळ दिलेलं असतं. ते बरोबर आहे. मी ताडून पाहिलं आहे.