असिस्टंट सासूबाई

घरात दोघी मिळून दुसऱ्यांची मुलं सांभाळणार असलात तरी इथे अमेरिकेत घरगुती पाळणाघराचं सरकारी रजिस्ट्रेशन एकीच्याच नावावर होतं. एक मुख्य, दुसरी तिची असिस्टंट. मुख्य मी, असिस्टंट सासूबाई. हे त्यांना सांगताना माझी जीभ अडखळली, कारण मुलं सांभाळण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. माझा स्वतःचा मुलगा त्यांनीच वाढवला. मी तेव्हा ऑफिसात टीम सांभाळत होते. त्या मात्र खुदकन हसल्या. "म्हणजे तू साहेब आणि मी शिपाई? चालेल की! फक्त चहा साहेबांनी करायचा."

कल्पना त्यांचीच होती. माझी नोकरी गेली आणि मी घरभर चिडचिड करत फिरायला लागले तेव्हा त्यांनी ती काढली. सासरे गेल्यावर नवऱ्याने त्यांना कायमचं इथे टेक्सासात, प्लेनोला आणलं. घर मोठं, पण गाडीशिवाय कोपऱ्यावरचं दूधसुद्धा आणता येत नाही, आणि गाडी त्यांना येत नाही. एकदा कांदा चिरताना सहज म्हणाल्या होत्या, "इथे मला कोणी काही कमी करत नाही, पण कोणी काही करूही देत नाही." मुलाच्या घरात त्यांना स्वतःचं म्हणावं असं एक काम हवं होतं. बाकी काही मागणं नव्हतं बाईंचं.

मग आमची वरात निघाली. बोटांचे ठसे दिले. बंद पडलेला श्वास परत सुरू करायच्या, सीपीआरच्या क्लासला गेलो. तिथे बाहुलीची छाती दाबायच्या आधी सासूबाई तिला म्हणाल्या, "थोडं दुखेल हं बाळा." शिकवणाऱ्या मुलीला शब्द कळले नाहीत, पण तिने त्यांना पास केलं. घरी त्यांनी इंग्रजी वाक्य पाठ करायला घेतलं. "आय वर्क विथ माय डॉटर-इन-लॉ." पोळ्या लाटताना तेच, झाडांना पाणी घालताना तेच. माझा मुलगा हसून म्हणायचा, "आजी, यू सेड इट ऑलरेडी!"

ऑनलाइन ट्रेनिंग इंग्रजीत होतं. मी शेजारी बसून मराठीत सांगायचं असं ठरलं. पहिले काही भाग नीट सांगितले, मग मला कंटाळा आला. "आई, हे तर तुम्हाला माहीतच आहे," म्हणत मी क्लिक करत सुटले. त्या म्हणाल्या, "अगं, सांग ना, काय लिहिलंय?" मी म्हटलं, "काही विशेष नाही हो."

खरं सांगायचं तर मला या सगळ्याचीच लाज वाटत होती. मंडळाच्या हळदीकुंकवाला एकीने विचारलं, "सध्या काय करतेस गं?" मी पटकन म्हटलं, "कन्सल्टिंग." सासूबाई शेजारीच वाण हातात घेऊन उभ्या. गाडीत बसल्यावर सीटबेल्ट लावता लावता विचारलं, "कन्सल्टिंग म्हणजे मुलं सांभाळणंच ना?" मी रेडिओ लावला.

इन्स्पेक्शनच्या दिवशी मी घर धुऊन पुसून लख्ख केलं. प्लगची भोकं झाकली, औषधं कुलपात टाकली. सासूबाई म्हणाल्या, "बाळाच्या पाळण्याचं मी बघते." बघा की, म्हटलं. माझं एक काम कमी.

इन्स्पेक्टर मध्यम वयाची, शांत बाई होती. तिने स्वयंपाकघर पाहिलं, मागचं अंगण पाहिलं, सगळं ठीक म्हणाली. मग बाळांच्या खोलीचं दार उघडलं. क्रिबमध्ये, म्हणजे कठड्याच्या पाळण्यात, सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्यांची गोधडी पसरलेली. त्यावर मोहरी भरलेली इवलीशी उशी. कठड्याला काळ्या दोऱ्यात ओवलेला वेखंडाचा तुकडा. पहिलं बाळ येणार म्हणून बाईंनी खपून, हौसेने मांडलेलं सगळं. आणि नियम असा, की वर्षाच्या आतल्या बाळाच्या क्रिबमध्ये ताणून घातलेल्या चादरीशिवाय काही म्हणजे काही नको. बाळाचा श्वास कोंडू शकतो. हे ट्रेनिंगमध्ये होतं. मी "काही विशेष नाही" म्हणून ढकललेल्या भागात.

इन्स्पेक्टरने उशी उचलून दाबली. आत काय आहे, तिने विचारलं. सासूबाईंचा चेहरा उजळला. "मस्टर्ड!" त्या म्हणाल्या, आणि डोकं छान गोल होतं हे दोन्ही हातांनी हवेत करून दाखवलं. इन्स्पेक्टर एकदा उशीकडे बघे, एकदा माझ्याकडे.

धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला. आणि उचलली जीभ, लावली टाळ्याला! मी घाईघाईने इंग्रजीत म्हटलं, की त्या जुन्या वळणाच्या आहेत, त्यांना यातलं काही कळत नाही, त्या फक्त इथे राहतात, "शी ओन्ली लिव्ज हिअर." बाळांना त्या हातसुद्धा लावणार नाहीत.

इन्स्पेक्टर म्हणाली, "एवढं काही नाही. माझ्या आजीनेही अशीच गोधडी शिवली होती. क्रिबमधून काढा, झालं." मग तिने हातातल्या टॅब्लेटकडे पाहिलं. "पण इथे या असिस्टंट आहेत. तुम्ही म्हणताय, फक्त राहतात. मी काय धरू?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी सासूबाई बोलल्या. सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारत.

"आय ओन्ली लिव्ह हिअर."

आणि त्या गोधडीची घडी घालायला लागल्या.

रजिस्ट्रेशन मिळालं, पण असिस्टंट म्हणून त्यांचं नाव त्यातून काढलेलं होतं. संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत जाऊन खूप बोलले. चूक माझी होती, तो भाग मीच तुम्हाला सांगितला नाही, उद्याच फोन करून तुमचं नाव परत घालते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "राहू दे गं. परत तुला माणसांत लाज वाटायला नको." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. माझी काळजी होती, आणि तीच मला सहन होईना.

सोमवारी पहिलं बाळ आलं, सात महिन्यांची मुलगी. आई दिसेनाशी झाली तशी तिने जे भोकाड पसरलं, ते थांबेचना. बाटली झाली, खुळखुळा झाला, खांद्यावर घेऊन घरभर फिरून झालं. माझे हात भरून आले. सासूबाईंच्या खोलीचं दार बंद होतं. एरवी शेजारचं पोर रडलं तरी खिडकीशी धावणारी बाई! मी हाक मारणार होते, पण कुठल्या तोंडाने मारू?

शेवटी दार उघडलं. त्या बाहेर आल्या आणि बाळांच्या खोलीच्या दारातच थांबल्या. दोन्ही हात पदरात गुंडाळलेले.

"मी हात लावला तर चालेल का गं?" त्यांनी विचारलं.

आणि मी उत्तर देईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या.