हाळी पाहिजे, गप्पा नकोत

अंथुर्ण्यात छबूबाईंच्या हाळीला तोड नव्हती. अंगणातून त्यांनी "दार लाव!" म्हटलं, की उसापलीकडच्या गोठ्यात गडी चपापायचा. साठीत घसा बसला, तशा त्या गोठ्याचं दार उघडलं की मोबाइलवर कळवणारा सेन्सर आणायला बारामतीला गेल्या.

"वायफायचाच घ्या, मावशी," दुकानदार म्हणाला. "सिनेमासुद्धा पळतो त्यावर."

"माझा गोठा सिनेमा बघत न्हाय. त्याला एवढंच सांगायचंय, दार उघडलं. घरचं वायफाय उसाच्या पयल्या सरीतच मुकं हुतंय. त्या ओट्यावरच्या गप्पा, बोलायचं लई पण जवळच्याशी. मला हाळी पायजे. थोडकंच बोलंल, पर लांबनं येईल."

"तसलं लांब पल्ल्याचं रेडिओ यंत्र असतं, लोरा म्हणतात त्याला. पण ते बसवणं तुमच्यानं नाही जमायचं."

"चाळीस वर्सं त्या उसातनं आवाज मी पोचवलाय. बांध ते!"

घराच्या छपरावर त्याची अँटेना त्यांनी स्वतः उभी केली. ऊस डोक्याच्या वर गेला, तेव्हा दुकानदारानं फोन करून विचारलं, "पोचतंय का, मावशी?"

"उसातनं पयल्या दिवशीच पोचलं," छबूबाई घोगऱ्या आवाजात कडाडल्या. "तुज्या काउंटरवर हातभर अंतर हुतं, तितंच माझं बोलणं पोचंना!"