झग्याच्या आतलं अस्तर

माझ्या मायनं आयुष्यात दोऱ्याचं रीळ विकत घेतलं नाही. जुन्या लुगड्याचा काठ मांडीवर घ्यायची आणि त्यातून एकेक सूत अलगद ओढून काढायची; हिरव्या कापडाला हिरवं, तांबड्याला तांबडं. तिचा टाका शोधायचा तर कापड उजेडासमोर धरावं लागे. फक्त सुईत दोरा तेवढा तिला ओवता येत नसे, नजर पहिल्यापासून अधू. मग हाक यायची, "इकडे ये वं, तुहे डोळे दे." मी नऊ वर्षांची. मोठ्या तोऱ्यात उठायची. माझ्यावाचून घरात कुणाचं काही अडतं, एवढीच काय ती मिरवायची गोष्ट माझ्याजवळ होती.

आमचं गाव मारेगावच्या बाजूला. बा मजुरी करायचा, मायही. आधी आमच्या वस्तीत कपडे शिवायचा प्रश्नच नव्हता म्हणा ना. गावातल्या घरांनी अंगावरून उतरवलेलं द्यायचं आणि आम्ही ते पदर पसरून घ्यायचं. छप्पन साली बा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. त्यासाठी त्यानं पांढरा सदरा शिवला होता, त्याच्या जन्मातलं पहिलं कोरं कापड. परत आल्यावर वस्तीनं ठरवलं, यापुढे कुणाचं उतरलेलं अंगाला लावायचं नाही. बरोबरच होतं ते. दुसऱ्याच्या घामाचा वास अंगावर घेऊन जो वाढला त्यालाच ते कळेल, बाकीच्यांनी मला शिकवू नये. पण आहे ते कापड टिकवायचं कसं, हे काम बायांच्या गळ्यात पडलं. माय ठिगळावर ठिगळ लावायची. बा चिडवायचा, "झग्याले ठिगळ आहे का ठिगळाले झगा?" माय म्हणायची, "तुमी नवा आना, मंग हासा."

दीक्षेनंतरचा दुसरा हिवाळा फार कडक पडला. माझी धाकटी बहीण चार वर्षांची, दिवाळीपासून खोकत होती. तिच्या झग्याचं कापड धुऊन धुऊन इतकं विरलं होतं की त्यातून तिच्या फासळ्या मोजता याव्यात. माय ज्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची, त्या मालकीणबाईंनी एक दिवस आपल्या मुलीचा जुना फलालीनचा झगा मायच्या हातात कोंबला. मऊ, आतून केसाळ, हात ठेवला की ऊब लागणारं कापड. बाई मनानं चांगली होती. "लेकरू मरन थंडीनं," म्हणाली, "मुकाट्यानं घे."

मायनं घेतला. दोन दुपारी बसून तिनं तो झगा सगळा उसवला आणि धाकटीच्या जुन्या झग्याला आतून अस्तर म्हणून लावला. वरून तोच फाटका, ठिगळांचा झगा. आत काय आहे ते कुणाच्या बापाला कळलं नसतं, आमच्या बालाही कळलं नाही. मला मात्र माहीत होतं, कारण सुई मी ओवून देत होते. "बाले सांगजो नको," माय म्हणाली. मी मान हलवली. धाकटी त्या झग्यात गुरगुटून झोपायची, तिचा खोकलाही थोडा कमी झाला होता.

वस्तीत रोज संध्याकाळी वंदना व्हायची. मला पंचशील तोंडपाठ. बा चारचौघांत मला पुढे करायचा, म्हण म्हणायचा, आणि मी खणखणीत आवाजात म्हणायची. त्या दिवशी वंदना झाल्यावर एक म्हातारे बोवा खोटं न बोलण्याचं शील समजावून सांगत होते. जाणूनबुजून लपवणं हेही खोटंच, असं ते म्हणाले. काय माझ्या डोक्यात शिरलं कोण जाणे, मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, आमच्या धाकटीच्या झग्याला मालकीणबाईच्या पोरीच्या झग्याचं अस्तर आहे.

म्हातारे बोवा म्हणाले, पोरगी खरी आहे. बानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तो हात आवडला. आज सत्तरी ओलांडली तरी त्या आवडण्याची मला लाज वाटते.

घरी आल्यावर बा मायवर ओरडला नाही. फक्त म्हणाला, "मी लोकाईले कोन्या तोंडानं सांगू आता?" सकाळी मायनं अस्तर उसवलं, हातानं सारखं करून घडी घातली आणि परत देऊन आली. ती बाहेर असताना बानं पेटीतून नागपूरचा पांढरा सदरा काढला. दाराशी उभा राहून त्यानं तो टरकन फाडला आणि तुकडे मायच्या सुईजवळ नेऊन ठेवले. याहून मोलाचं त्याच्याजवळ काही नव्हतं. मायनं आल्यावर त्याचं दुहेरी अस्तर लावलं. ते होतं पातळ, सुती कापड. त्यात ऊब कुठून येणार?

पंधरा दिवसांत धाकटीला ताप चढला. बैलगाडीतून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीत पाणी झालं म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. त्याच झग्यात तिला मातीत ठेवलं, आत बाचा सदरा.

पुढे मी शिकले, आर्णीला शाळेत मास्तरीण झाले. फलालीनच्या अस्तरानं असं दुखणं टळत नसतं, असं मला एका डॉक्टरनं समजावलं. मी मान डोलावली. मुलांना मी वर्गात खरं बोला म्हणून कधीच सांगितलं नाही, ते काम दुसऱ्या मास्तरांकडे सोडून दिलं.

माय मला कधी बोलली नाही. एक शब्द नाही. बोलली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर मी रडून मोकळी झाले असते. जेवायला वाढायची, वेणी घालायची, सगळं आधीसारखं. फक्त सुई तिनं पुन्हा माझ्या हातात दिली नाही. मी समोर बसलेली असायची आणि ती दारातल्या उजेडाला सुई धरून चाचपडायची. दोरा ओला करायची, पिळायची, चुकायची, पुन्हा करायची.

नोकरी लागल्यावर सुट्टीत घरी आले तेव्हा तिची नजर आणखी गेली होती. ती पाण्याला गेली तशी मी चार सुया ओवल्या आणि तिच्या गोधडीच्या कोपऱ्यात टोचून ठेवल्या. ती आली, बसली. बोटांनी तिला सुया लागल्या, दोरेही लागले. मग एकेका सुईतला दोरा तिनं ओढून काढला.

"काहून काढलं, माय?" मी विचारलं.

"माह्यं मले होते," ती म्हणाली.

तिनं दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि सुई उजेडाला धरली. दोरा बाजूनं गेला. तिनं परत धरली. हातभर अंतरावर माझे डोळे धड होते. तिनं मागितले नाहीत.