लॉनमधली अळंबी आणि ते दोन तास

मंडळी, ॲन आर्बरहून युनिव्हर्सिटीतल्या आमच्या डिपार्टमेंटच्या कंप्युटरवर लिहितेय. आजच घडलंय.

सकाळी आमच्या लॉनमध्ये पांढरी अळंबी उगवलेली दिसली. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "गावी आम्ही हीच खायचो."

मी एका अळंबीची छत्री तोडून कागदावर पालथी ठेवली. म्हटलं, "उद्यापर्यंत थांबू. छत्रीतून खाली पडेल त्या भुकटीचा रंग बघून ठरवू, विषारी आहे का ते." कोणी ऐकलं नाही. भाजी झाली.

जेवायला बसल्यावर नवरा म्हणाला, "तू आधी खा. दोन तास काही झालं नाही, तर आम्ही खाऊ."

मी खाल्ली. नाही म्हणायचं सुचलंच नाही. ती दोघं वरणभात जेवली आणि व्हीसीआरवर सिनेमा लावून बसली. मधूनच विचारत होती, "काही होतंय का गं?"

सिनेमा संपायच्या आत मला उलट्या सुरू झाल्या. हॉस्पिटलमध्ये जाताना मी तो कागद सोबत नेला. त्यावर हिरवट भुकटी पडली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही जात विषारीच. पण तुम्ही बऱ्या व्हाल."

नवऱ्याने तिथूनच घरी फोन लावला. "आई, बरं झालं आपण नाही खाल्ली."

हॉस्पिटलमधून सोडल्यावर मी घरी गेले नाही, इथे लॅबमध्ये आले. खरं सांगा, तुमच्या घरी आधी कोणाला चाखायला लावतात?