हाडजोडीची चटणी

आमच्या घरी हाडजोडीची चटणी पुरुषांसाठी व्हायची, आणि तिचाच लेप बैलांसाठी. तेलंगणातल्या वांकिडीकडच्या आमच्या गावात ही चौकोनी कांड्यांची वेल कुंपणाकुंपणावर चढलेली असे. शाळेतले तेलुगू गुरुजी तिला नल्लेरू म्हणत. मोडलेलं हाड ती सांधते, झिजलेलं भरून काढते, हे दोन्ही भाषांत पक्कं मानलेलं होतं. बैलाचा पाय मुरगळला की लेप, बाबांची कंबर धरली की चटणी.

करायची मात्र मायनं. वेल भारी खाजरी. माय हाताला तेल चोपडून कोवळी कांडी सोलायची, परतायची, चिंच-तीळ घालून पाट्यावर वाटायची. तरी दिवसभर हात खाजवत राहायची. एकदा मी विचारलं, "माय, तू काऊन नाई खात?"

उत्तर आत्यानं दिलं, "बाईमाणसाले उष्ण पडते ते. पोटाले बाधते."

डोक्यावर हंडे वाहताना, कापसाची ओझी आणताना मायच्या पोटाची काळजी कोणाला पडली नव्हती.

चाळिशीतच ती वाकली. एका उन्हाळ्यात अंगणात नुसता पाय घसरला आणि खुबा मोडला. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तेलुगूत म्हणाले, हाडं आतून पोकळ झालीत. मी ते मायला मराठीत सांगितलं, तर ती लाजली. जशी काही तिचीच चूक.

आता तरी तिला चटणी मिळाली पाहिजे, म्हणून मी हट्टाला पेटले. कुंपणावरची वेल उन्हानं वाळलेली. ओढ्याकाठी हिंडून मूठभर कोवळी कांडी आणली. हातांची आग आग झाली, पण वाटीभर चटणी झाली. भाकरीसोबत ती मायच्या खाटेपाशी नेली.

"तुह्या बाबाले वाढली का?"

"त्यायच्यासाठी नाई केली. तुह्यासाठी केली."

"घरधनी जेवाचा हाय अन् मी खाऊ? जा, ने."

मी जागची हलले नाही. आत्यानं वाटी उचलून ओसरीवर नेली. बाबांनी भाकरीच्या तुकड्यानं वाटी पुसून खाल्ली. "कमी केली वं पोरी," एवढंच म्हणाले.

त्या दिवशीचा राग अजून माझ्या पोटात आहे, आणि तो एकट्या बाबांवरचा नाही.

माय त्या खाटेवरून उठली नाही. बाबा पुढं कितीतरी वर्षं बिनकाठीचे चालले. गावात लोक अजून कौतुकानं सांगतात, "म्हाताऱ्याचं हाड पाहा कसं होतं! बायकोच्या हातचं खाल्लं होतं त्यानं."